फलटणच्या जीपचा धूर

प्रिय मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी थोरल्याने फोनवर विचारले, "आजी, मी घेतलेली जुनी गाडी धुराच्या चाचणीत नापास झाली. विकणारा म्हणतो, आता माझा संबंध संपला. तू पोलिसात होतीस ना, अशा वेळी माणसाने काय करायचे?" तुमच्याकडचा, परदेशातला कायदा मला माहीत नाही, तो तिथल्या वकिलाला विचारा. पण हाच प्रश्न एका बाईने मला फलटण भागातल्या एका पोलीस ठाण्यात विचारला होता, आणि ते प्रकरण इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे उभे आहे. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहून पाठवते आहे. नावे कोणाचीच देत नाही. त्यांतले बरेच जण हयात आहेत आणि आपापल्या घरी सुखात आहेत.

नव्वदचे दशक निम्मे सरले होते. मी त्या ठाण्यात उपनिरीक्षक होते. सकाळी हजेरी, मग लॉकअपची तपासणी, रात्रीच्या गस्तीचा अहवाल, टपाल, आणि त्यानंतर दारात ताटकळलेली माणसे, असा दिवसाचा क्रम असे. खेड्यातून आलेला माणूस माझ्या टेबलापुढे उभा राहून हमखास विचारी, "सायेब कुठं हायत?" मी म्हणे, "बसा. साहेबच बोलतायत." तो बसे, पण निम्मा खुर्चीत आणि निम्मा दाराकडे.

एके दिवशी ठाणे अंमलदाराने फोन घेतला. हा हवालदार नोकरीत माझ्याहून जुना होता, आणि ठाण्यातले वातावरण त्याच्या थट्टेवर चाले. फोनच्या तोंडावर हात ठेवून तो म्हणाला, "मॅडम, नाव सांगत न्हाई. म्हणतोय, आरोग्य केंद्राला लागलेली जीप बोगस पीयूसीवर पळतीय. आन् बाई चालवती म्हणून पोलीस हात लावत न्हाईत व्हय, आसंबी इचारतोय."

पीयूसी म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र. ते तेव्हा आमच्या भागात नवे होते आणि बहुतेकांना तो एक कागदी सोपस्कार वाटे. पण गाडी जास्त धूर सोडते असा संशय आला, तर ती चाचणीला पाठवण्याचा अधिकार उपनिरीक्षकाला होता. त्या हवालदाराला घेऊन मी जीपगाडीच्या वाटेवर, साखर कारखान्याच्या फाट्यापाशी थांबले.

जीप दिसण्याआधी तिचा धूर दिसला. उसाच्या ट्रॅक्टरमागून ती काळे लोट सोडत आली. चालवणारी बाई पस्तिशीची, साडीवर खाकी शर्ट घातलेली आणि शर्टाला टॅक्सीचालकाचा बिल्ला लावलेली. हवालदार हळूच म्हणाला, "मॅडम, ह्या तर आपल्याच खात्यातल्या दिसत्यात."

तिने न विचारता सगळे कागद पुढे केले. परवाना होता, विमा होता, पीयूसीही होते. ती म्हणाली, "म्हैन्याखाली सांगलीस्नं घेतली गाडी. ह्यो कागद त्यांनीच दिला, गाडीसंगट."

"धूर दिसतो का तुम्हाला?"

"दिसतो की. आरशात दुसरं काय दिसतच न्हाई. त्यास्नी दोनदा इचारलं. म्हणत्यात, नवीन डायवर हायसा, हात बसला की धूर जाईल." मग मागच्या सीटकडे हात करून म्हणाली, "बाईसाहेब, काय करायचं ते करा, पर आदी नर्सबाईंना फुडच्या गावाला सोडू द्या. डब्यात लस हाय. बरफ इतळंल."

मी शिपाई बरोबर दिला. लस पोचवून ती स्वतःहून परत आली आणि आम्ही जीप चाचणी केंद्रावर नेली. यंत्राची नळी धुराड्यात घालून तिथल्या माणसाने पाय दाबायला सांगितले. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. तो डोळे चोळत म्हणाला, "मॅडम, ही जीप हाय का गुऱ्हाळ?"

आम्ही ठाण्यात पोचलो तर तिचा धाकटा दीर आधीच व्हरांड्यात उभा. त्याला कोणी निरोप पाठवला नव्हता. तो सरळ तिच्यावरच उखडला. "वैनी, म्या काय सांगत हुतो? बायामाणसाचं काम न्हाई ह्ये. आता पोलिसात नाव गेलं. गाडी इका आन् गुमान घरी चला."

हवालदार माझ्याकडे वाकून पुटपुटला, "मॅडम, फोनवरचा आवाज ह्योच."

नोकरीत मी एक पाहिले आहे. खबर देणारा माणूस वस्तूबद्दल खरे सांगतो आणि आपल्या हेतूबद्दल खोटे. त्याने सांगितलेली जीप खरोखरच नापास झाली होती. त्याने फोन करण्याचे कारण मात्र धूर नव्हते. बाईचा नवरा फौजेत, आसामकडे. त्याने बायकोला गाडी शिकू दिली, गाडी घेऊन दिली, आणि पत्रात लिहिले, "तू चालीव." गावाला हे पचले नव्हते, दिराला तर मुळीच नाही. आता ठरलेल्या मुदतीत जीप चाचणीत पास झाली नसती, तर तिची नोंदणी स्थगित झाली असती, लसीकरणाच्या फेऱ्यांचे काम दुसऱ्याला गेले असते, आणि बिल्ला उतरवून ही बाई घरी बसली असती. तिच्या हातून जाणार होते ते स्टिअरिंग.

तिने दिराकडे पाहिलेही नाही. मला विचारले, "बाईसाहेब, माझ्याम्होरं रस्ते कुटलं हायत, ते सरळ सांगा. लिवतावाचता येतंय मला."

मी तिला सांगितले ते तुम्हीही वाचा, कारण त्यातला पहिला भाग कुठल्याही देशात लागू पडावा. नापास झालेली गाडी लगेच दुरुस्त करायला टाकायची नाही. मेकॅनिकचा हात लागला की ती विकताना कशी होती हे सांगणारे काही उरत नाही. नापास झाल्याचा अहवाल जपायचा, आणि विकणाऱ्याला तोंडी भांडत न बसता रजिस्टर टपालाने लेखी कळवायचे की, गाडी दुरुस्त करून द्या किंवा परत घ्या. त्याने ऐकले नाही तर आमच्याकडे तीन दारे होती. पहिले परिवहन कार्यालयाचे. रस्त्यावर चालवणे बेकायदा ठरेल अशा स्थितीतली गाडी विकणे हा व्यापाऱ्याचा गुन्हा आहे, त्याला दंड होतो. दुसरे पोलिसांचे. दोष माहीत असून लपवला आणि खोटी हमी देऊन गाडी गळ्यात मारली, तर ती फसवणूक. पण त्याला माहीत होते, हे सिद्ध करावे लागते. तिसरे ग्राहक मंचाचे. तिथे वकील नसला तरी चालतो, आणि दुरुस्तीचा खर्च व भरपाई मागता येते.

दीर मध्येच म्हणाला, "मॅडम, म्या सोपं सांगतो. गाडी इकायची नसंल तर डायवर ठिवू. वैनी घरी ऱ्हातील, गाडी बी ऱ्हाईल."

"तसे केले तर मंचात तुमची बाजू लंगडी पडेल," मी म्हणाले. "धंद्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक नाही, असे विकणाऱ्याचा वकील म्हणणारच. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तो ग्राहक, अशी दुरुस्ती कायद्यात नुकतीच झाली आहे. तुमच्या वहिनी स्वतः चालवतात, म्हणून त्या ग्राहक आहेत."

बाई म्हणाली, "भावजी, ऐकलंसा? मीच चालीवली पायजे. सरकारच म्हणतंय." हवालदाराला खोकल्याचे निमित्त करून बाहेर जावे लागले.

बाईने विकणाऱ्याला टपाल धाडले आणि आमच्याकडे फिर्यादही दिली. विकणाऱ्याने व्यवहाराचा इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, फलटणला येऊन घेतली होती, त्यामुळे गुन्हा आमच्या हद्दीत दाखल करता आला. जीप मी ठाण्याच्या आवारात ठेवून घेतली. बाईला लेखी पोच दिली आणि सांगितले की, बॉनेटला कोणी हात लावणार नाही. पुढच्याच आठवड्यात हवालदाराला घेऊन मी सांगलीला गेले.

जुन्या गाड्या विकणारा तो गृहस्थ गोड बोलणारा होता. आम्ही टेकतो न टेकतो तोच चहा आला. तो म्हणाला, "मॅडम, आमची गाडी पास झालेली होती. शेजारीच केंद्र आहे, जाऊन विचारा. पुढं काय झालं ते मी सांगतो तुम्हाला. खेड्यात गेली की हे वडापवाले डिझेलचा पंप वाढवतात, चढाला गाडी ओढावी म्हणून. मग धूर येणारच. त्या बाईनं केलं असेल, नाहीतर करवून घेतलं असेल. आता माझ्यावर कशाला?"

वडाप म्हणजे माणसे कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या. त्या तसे करतात हे खरेच होते, म्हणून त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. शेजारच्या केंद्रात मी चौकशी केली. जीप खरोखर तिथे आली होती आणि पासही झाली होती. प्रमाणपत्र बोगस नव्हते. म्हणजे संशय पुन्हा बाईवर आला.

गॅरेजमध्ये त्याचा मेकॅनिक काम करत होता. चाळिशीचा, कपाळ हळदीने पिवळे झालेला माणूस. मी विचारले, "फलटणला दिलेल्या जीपचा डिझेल पंप तू उघडला होतास?"

"न्हाई मॅडम. हातच लावला न्हाई त्या पंपाला." उत्तर जरा लवकर आले.

बोलता बोलता तो एका इंजिनाचे झाकण बसवत होता. बसवण्याआधी त्याने खिशातून पत्र्याची डबी काढली, चिमूटभर भंडारा आत सोडला आणि मगच झाकण ठेवले. तुम्हाला माहीत नसेल, भंडारा म्हणजे खंडोबाला वाहिलेली हळद. हवालदाराने विचारले, "कुठला रं देव तुझा?"

"पालीचा खंडोबा. ह्याच्याबिगार मी झाकण लावत न्हाई, हवालदारसाहेब. आमच्या बापाचीबी हीच रीत."

परत आल्यावर मी परिवहन कार्यालयाला पत्र देऊन मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. तीच गाडी एका महिन्यात पास आणि नापास कशी, हे त्यांनी मला समजावले. पंपाला डिझेलचे प्रमाण ठरवणारा एक स्क्रू असतो. तो आत घेतला की डिझेल कमी जाते, धूर कमी दिसतो, पण गाडीत दम राहत नाही. चाचणीपुरता आत घ्यायचा, पास झाली की पुन्हा बाहेर. कोणी छेडछाड करू नये म्हणून स्क्रूवर टोपण आणि त्यावर तारेचे शिशाचे सील असते. आमच्या जीपचे सील शाबूत होते. पण इंजिन जुनाट आणि सील मात्र चकचकीत नवे. कोणीतरी जुने तोडून नवे लावले होते. कोणी, हाच प्रश्न होता.

दोन पंचांसमोर निरीक्षकांनी तार कापली आणि टोपण काढले. आतल्या काळ्या ग्रीसमध्ये पिवळे कण रुतलेले होते. हवालदार ओरडलाच, "मॅडम, भंडारा!"

मी त्याला गप्प केले आणि पंचनाम्यात "पिवळ्या रंगाची पूड" एवढेच लिहायला सांगितले. हळद घरोघरी असते. बाईनेच टाकली असे उद्या कोणी म्हणाले, तर आपण काय उत्तर देणार? पुडीवरून फार तर एक प्रश्न विचारता येत होता. तो विचारण्यासाठी मी मेकॅनिकला बोलावून घेतले.

तो येण्याआधी हवालदाराने सुचवले, "मॅडम, त्याला बेलभंडारा उचलायला लावू. हातात भंडारा घेऊन खंडोबाचा माणूस खोटं बोलायचा न्हाई."

"देवाची शपथ आपल्या ठाण्यात नको," मी म्हणाले. "भीती घालून काढलेले बोलणे कोर्टात टिकत नाही. आणि त्याचा देव त्याच्यापाशी राहू दे."

मेकॅनिक आला. मी त्याला बसवले, पाणी दिले, आणि ते टोपण कागदावर ठेवून त्याच्यापुढे सरकवले. एवढेच विचारले, "हे काय आहे?"

तो टोपणावर वाकला आणि आतले पिवळे कण पाहून त्याने हात जोडले. म्हणाला, "मॅडम, पंपाबद्दल मी खोटं बोललो. पर ह्येच्याबद्दल न्हाई बोलणार. ह्यो माझा भंडारा हाय. ह्येला न्हाई म्हटलं तर मी कुनाचाच न्हाई."

मग त्याने सगळे सांगितले. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल झिजले होते, ते बदलायचा खर्च मोठा होता. मालक म्हणाला, स्क्रू आत घे, पास करून आण, पुन्हा बाहेर घे. त्याने तसे केले आणि नवे सील लावले.

हवालदाराला राहवले नाही. "गड्या, लबाडीच्या कामातबी भंडारा टाकलास व्हय?"

"काम लबाडीचं हुतं, हवालदारसाहेब. पर गाडीत मानसं बसनार न्हवं का? त्यांचं बरं व्हावं, म्हणून टाकला."

हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली.

पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून चालत नाही, म्हणून मी मेकॅनिकला साक्षीदार करून दंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब नोंदवून घेतला. तो तिथे डगमगला नाही. सीलची तार आणि शिसे सांगलीच्या गॅरेजमधून जप्त केलेल्या मालाशी जुळले. तेव्हा गोड बोलणाऱ्या गृहस्थाने वकील धाडला आणि वकिलाने समेटाची भाषा सुरू केली. बाईने निरोप दिला, "बोलायचं असंल ते लेखी बोला."

न्यायालयाने बंधपत्रावर जीप तिच्या ताब्यात दिली. दुरुस्ती झाली, नवे नोझल बसले, पंपाचे माप सरकारमान्य केंद्रात लावून घेतले, आणि मुदत संपण्याआधी जीप पुन्हा चाचणीला उभी राहिली. मी माझ्या कामासाठी तिकडे गेले होते असे मी ठाण्यात सांगितले. खरे म्हणजे मला ते पाहायचे होते. बाईने पाय दाबला. धुराड्यातून नुसती गरम हवा आली. केंद्रातला माणूस यंत्रावर चापट मारून म्हणाला, "बंद तर पडलं न्हाई न्हवं?" पुन्हा चाचणी घेतली. पास. बाई गाडीतून उतरली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तशीच बसून राहिली, आणि मग लसीचा डबा घेऊन दारात थांबलेल्या नर्सबाईंना हाक मारली, "चला वो, उशीर झालाय."

मधल्या काळात लसीकरणाच्या फेऱ्या कशा झाल्या, हे मला नंतर कळले. नर्सबाई लसीचा डबा मांडीवर घेऊन एसटीने गावोगाव फिरल्या होत्या. दुसरी जीप लावू का, असे वरून विचारले तेव्हा त्यांनी कळवले होते, "आमची गाडी दुरुस्तीला आहे, येईल."

ग्राहक मंचात विकणाऱ्याच्या वकिलाने अपेक्षेप्रमाणे ती ग्राहकच नाही असा मुद्दा काढला. बाई साडीवरचा तोच खाकी शर्ट घालून उभी होती. अध्यक्षांनी विचारले, "गाडी कोण चालवते?" तिने बिल्ला दाखवला. दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई देण्याचा आदेश झाला. व्यापाऱ्याला मोटार कायद्याखाली दंड झाला. फसवणुकीचा खटला पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीत मिटला. तो चालवून त्याला तुरुंगात पाठवायला हवे होते असे काही सहकारी म्हणाले. निर्णय बाईचा होता. "मला कोर्टाच्या फेऱ्या नकोत, गाडीच्या हव्यात," असे ती म्हणाली, आणि मला ते पटले. मेकॅनिकने ती नोकरी सोडली आणि कवठे महांकाळकडे स्वतःची शेड टाकली.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तुम्ही विचाराल. तोवर मी चौकशीत माणूस कुठे खोटे बोलतो तेच शोधत असे. त्यानंतर, तो कशाबद्दल खोटे बोलूच शकत नाही, हे आधी शोधू लागले. प्रत्येकात अशी एखादी जागा असते. तिथे पोचायला मारहाण लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, फक्त नीट पाहावे लागते. कायद्याबद्दलही एक गोष्ट कळली. आपण कायदा समजावून सांगतो तेव्हा समोरचा बहुधा घाबरतो, कारण तो दंड आणि तुरुंग एवढेच ऐकतो. त्या बाईने त्यातले रस्ते ऐकले. एका बाईला सगळे रस्ते माहीत झाले की तिला घरी बसवणे किती अवघड होते, हे मी त्या दिराच्या चेहऱ्यावर पाहिले. पुढे त्याची स्वतःची बायको जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गिअर कसा टाकतात ते पाहू लागली, तेव्हाही तो व्हरांड्यातच उभा होता म्हणे, घराच्या; पण या वेळी त्याने ठाण्यात फोन केला नाही.

ती जीप केव्हाच भंगारात गेली. चाचणी केंद्राच्या जागी आता कपड्यांचे दुकान आहे, आणि खटल्याचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले असतील. पण त्या गावातून फलटणला येणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी दोन गाड्या आजही त्या घरातल्या बायका चालवतात.